बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा ग्रुप कसा आवळायचा: बेळगाव-खानापूरकडच्या नवख्यांसाठी

आपल्या भागात बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे जिचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) दर गोळीला हातानं मागंपुढं करायचा ती, दोन वाटांनी हातात येते. एक घरची वाट, आजोबांचं लायसन वडिलांकडं, वडिलांचं पोराकडं, बहुतेक करून .३१५ (हे नळीच्या भोकाचं इंचातलं माप), खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडं पीक राखायला म्हणून घेतलेली. दुसरी क्लबची, दहा मीटरच्या एअर रायफलवर हात बसला की पोरगं पन्नास मीटरच्या .२२ कडं वळतंय. कोल्हापूर आपल्याला काय लांब नाही, तिथल्या तेजस्विनी सावंतनी २०१० ला म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ऑलिंपिक ब्राँझ आणलं, त्यामुळं आता निपाणी-चिकोडीकडची पोरं पण विचारायला लागलीत. प्रश्न दोन्हीकडचा एकच असतोय, ग्रुप येत नाही, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या कागदावर जवळजवळ न पडता पसरतात, काय बदलू?

माझं म्हणणं, आधी काहीच बदलू नका. रायफल पसरवत असेल तर बहुतेक वेळा चारातली एक गोष्ट निघते: कुठला तरी स्क्रू सैल, लाकूड नळीला टेकलेलं, काडतुसं मिसळलेली, नाहीतर नळीच्या तोंडाशी मार किंवा घाण. चारातल्या एकालाही नवीन बॅरल लागत नाही, नवीन स्कोप लागत नाही. आणि काम करायचा क्रम पण ठरलेला ठेवा, जे परत पहिल्यासारखं करता येतंय ते आधी, जे येत नाही ते सगळ्यात शेवटी. स्क्रू आवळला तर सोडता येतो, लाकूड घासलं तर परत चिकटवता येत नाही आणि लोखंडाला कानस लागली की विषयच संपला.

कायदा आधी

हे टाळून पुढं जाऊ नका. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ आणि आर्म्स रूल्स २०१६ लागू आहेत, आणि नळी आखूड करणं, दुरुस्तीच्या नावाखाली रायफलची घडण बदलणं हे घरी करायचं काम नाही, त्याला लायसन असलेला डीलर किंवा आर्मररच (बंदूक दुरुस्त करणारा) लागतो. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक विचारतात काडतूस घरी भरू का म्हणून, तर नाही, आपल्याकडं त्याला वेगळं लायसन लागतंय, तो विषय डोक्यातनं काढून टाका. उद्यमबागेत कितीही चांगला लेथवाला ओळखीचा असला तरी नळी घेऊन त्याच्याकडं जायचं नाही, एक तर त्याला लायसन नाही आणि दुसरं म्हणजे नळीचं भोक बाहेरच्या गोलाईच्या अगदी मधोमध असेलच असं नसतंय, ते भोकावरनं सेंटर धरायचं काम वेगळं आहे.

फायर करायचं ते अधिकृत रेंजवरच. .२२ ची एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, शेताच्या बांधावर डबा ठेवून ग्रुप बघायचा प्रकार करूच नका. आणि हे सगळं टार्गेटसाठी चाललंय, शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे.

हात लावायच्या आधी दर वेळी, अगदी दर वेळी: मॅगझिन बाहेर, बोल्ट मागं, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून पण बघा. मग बोल्ट काढून बाजूला ठेवा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. घरात लहान पोरं असली तर काम संपेपर्यंत दार लावून घ्या.

आज रायफल कुठं आहे ते मोजा

सुधारलं की बिघडलं हे कळायला आधी मोजमाप पाहिजे. बेंचवर बसा, पुढं एक वाळूची पिशवी, मागं कुंद्याखाली एक छोटी. पुढची पिशवी लाकडाखाली येऊ दे, नळीखाली कधीच नको, नळी टेकवून मारलं की ग्रुप भलतीकडंच जातोय. पाच गोळ्यांचा एक ग्रुप, नळी थंड होऊ द्यायची, मग दुसरा, असे निदान चार-पाच ग्रुप काढा आणि सरासरी धरा. तीन गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप काढून फोटो मित्रांना पाठवायचा मोह होतोय, पण तीन गोळ्या योगायोगानं पण जवळ पडतात, त्याच्यावर काही ठरवू नका.

मोजायचं कसं, तर एकमेकींपासून सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातनं गोळीची जाडी वजा करा. .२२ ची गोळी ५.६ मिमी. बाहेरनं बाहेर ३० मिमी आलं तर ग्रुप २४.४ मिमी. आता हे मिनिटात बसवा, घड्याळाचं नाही, कोनाचं मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. एक मिनिट म्हणजे शंभर मीटरला साधारण २९ मिमी, पन्नास मीटरला साडेचौदा. म्हणजे वरचा ग्रुप पावणेदोन मिनिटाच्या आतबाहेर. पुढं कोण काय सांगत असेल तर त्याला मिनिटात बोलायला लावा, कारण "एक इंची ग्रुप" ह्याला अंतर सांगितल्याशिवाय काही अर्थ नसतोय.

एक वही करा. तारीख, जागा, ऊन की ढग, वारा, काडतुसाचा लॉट (कारखान्यातली एकाच वेळची खेप), ग्रुप, आणि काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू पण आवळला, काडतूस पण बदललं आणि स्कोप पण हलवला तर सुधारलेलं कशानं ते देवालाच ठाऊक.

काडतूस

नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण .२२ मध्ये रायफलपेक्षा काडतुसाचा फरक मोठा पडतोय. एकच कंपनी, एकच नाव, नुसता लॉट नंबर वेगळा, तरी तीच रायफल एकाला आवळून धरते आणि दुसऱ्याला सांडून टाकते. म्हणून बॉक्सवरचा लॉट नंबर वहीत लिहा, दोन लॉट एका डब्यात ओतू नका, आणि जो लॉट बसला तो लायसनवर जेवढा मिळतोय तेवढा एकदम घेऊन ठेवा.

आणखी एक. हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं घेतलं की जास्त नेमकं लागतं असं वाटतंय, उलट आहे. ते साधारण ३८० मीटर सेकंदानं निघतं आणि पुढं जाताना आवाजाच्या वेगाच्या खाली उतरतं, जो आपल्या हवेत ३४५ च्या आसपास आहे, आणि त्या उताराला गोळी डगमगते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी सुरवातीपासनंच त्याच्या खाली, सव्वातीनशेच्या आसपास, म्हणून टार्गेटवाले तेच वापरतात.

.३१५ वाल्यांना निवडीला फार वाव नाही, मिळतंय ते घ्यावं लागतंय. पण निदान एकाच लॉटचं घ्या, कोरड्या डब्यात ठेवा, आणि पितळेवर हिरवं चढलेली, कपाटात वर्षानुवर्षं पडलेली काडतुसं फायर करायची नाहीत, ती डीलरला विचारून जमा करा.

स्क्रू

अ‍ॅक्शन म्हणजे जिथं बोल्ट चालतो तो लोखंडी भाग, तो लाकडात दोन, कधी तीन स्क्रूंनी बसवलेला असतोय. गोळी सुटली की धक्का मागं येतो, आणि अ‍ॅक्शन दर वेळी परत त्याच जागी बसलं पाहिजे. एका स्क्रूचा अर्धा आटा सैल असला तरी ते दर गोळीला केसभर वेगळं बसतंय आणि पन्नास मीटरवर तो केस नखाएवढा होतोय.

कसं करायचं ते सांगतो. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला. दोन्ही स्क्रू सैल करा पण काढू नका. कुंदा खाली गादीवर टेकवून रायफल उभी धरा आणि कुंद्याचा तळ दोनदा हलका आपटा, म्हणजे अ‍ॅक्शनखालचा रिकॉइल लग (धक्का लाकडावर देणारा लोखंडी ठोकळा) मागं सरकून लाकडाला नीट टेकतो. आता तसंच उभं धरून पुढचा स्क्रू बोटानं बसवा, मग मागचा. मग पुढचा अर्धा आवळा, मागचा अर्धा, पुढचा पूर्ण, मागचा पूर्ण. मध्ये तिसरा छोटा स्क्रू असेल तर तो नुसता टेकेपर्यंत, त्याला दाबायचं नाही, नाहीतर तो अ‍ॅक्शनला वाकवतो.

किती आवळायचं ह्यासाठी छोटा टॉर्क ड्रायव्हर घ्या, उद्यमबागेतल्या टूलवाल्यांकडं नाही मिळाला तर मागवून देतात. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच देवाचा शब्द. नसेल तर नुसत्या लाकडावर बसलेल्या मोठ्या रायफलला ४ न्यूटन-मीटरच्या आसपास, आत धातूचे पिलर (स्क्रूभोवतीच्या आधाराच्या नळ्या) बसवलेले असतील तर ७ पर्यंत, आणि लाकडातल्या हलक्या .२२ ला २ ते ३ पासनं सुरवात करा. लाकूड दबतंय, म्हणून जास्त आवळलं की जास्त चांगलं हा हिशोब इथं चालत नाही. आणि स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं पाहिजे, घरातल्या टेस्टरनं खाच फाटली की पुढच्या वेळी तो स्क्रू निघणार पण नाही.

आता एक परीक्षा, हिला पैसा लागत नाही आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. रायफल उभी, एका हाताची बोटं लाकडाच्या पुढच्या टोकाला अशी धरा की अर्धं बोट लाकडावर आणि अर्धं नळीवर येईल. दुसऱ्या हातानं पुढचा स्क्रू हळूहळू सोडा. बोटाखाली नळी हललेली जाणवली, लाकडापासनं लांब गेली किंवा जवळ आली, तर समजा की अ‍ॅक्शन लाकडात सरळ बसलेलं नाही, स्क्रू त्याला ओढून वाकवत होता. काहीच हललं नाही तर बसकण चांगली आहे. मागच्या स्क्रूची पण अशीच परीक्षा घ्या.

.३१५ वाल्यांनी इथं थांबून वाचा. ती ली-एनफिल्ड घराण्यातली रायफल आहे, तिचं लाकूड दोन तुकड्यांत असतंय, पुढचा वेगळा आणि मागचा कुंदा वेगळा. मागचा कुंदा आतनं एका लांब बोल्टनं ओढून धरलेला असतो आणि तो सैल झाला की बाकी काही केलं तरी ग्रुप येत नाही. कुंदा धरून अ‍ॅक्शन हलवून बघा, जरा जरी खेळ लागला तर तोच रोग. पण घाईनं तो बोल्ट फिरवायला जाऊ नका, जुन्या पद्धतीच्या रायफलीत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतंय, पुढचं लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की ते लाकूड उभं चिरतं. हे काम आर्मररकडं द्या, किंवा निदान पहिल्यांदा त्याच्यासमोर बसून बघा.

पाऊस आणि लाकूड

आपल्या भागातला खरा चोर हा आहे. बाहेरच्या लेखांत ह्याच्यावर दोन ओळी असतात, कारण त्यांच्याकडं कणकुंबीसारखा पाऊस नसतोय. जूनपासनं सप्टेंबरपर्यंत खानापूर तालुक्यात भिंती ओल्या, कपडे ओले, आणि रायफलचं लाकूड पण पाणी पितंय. लाकूड लांबीला फार वाढत नाही, रुंदीला फुगतंय. मे महिन्यात नळीपासनं मोकळं असलेलं लाकूड जुलैत एका बाजूनं नळीला टेकतंय, आणि टेकलं की गोळी सुटताना नळी जशी थरथरते त्याच्यात अडथळा येतो, ग्रुप पसरतो, किंवा ग्रुप तसाच राहतो पण अख्खाच्या अख्खा एका बाजूला सरकतो. माणूस म्हणतोय स्कोप बिघडला. तिकडं अथणी-कागवाडकडं उलटं, उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतंय आणि स्क्रू आपोआप सैल पडतात. रायफल दोन्हीकडं एकच असली तरी तिचं दुखणं जागेप्रमाणं बदलतंय.

तपासायचं असं. दहाची नोट दोन पदरी घ्या, लाकडाच्या टोकाकडनं नळी आणि लाकडाच्या मध्ये घाला आणि दोन्ही बाजूंनी धरून मागं अ‍ॅक्शनपर्यंत ओढत न्या. कुठं अडकली तिथं पेन्सिलनं खूण करा. मग रायफल पिशवीवर ठेवून, लाकूड हातानं नेहमीसारखं दाबून परत नोट फिरवा, कारण काही लाकडं मोकळी दिसतात आणि वजन आलं की टेकतात. ही परीक्षा वर्षातनं तीनदा करा, मेच्या शेवटी, जुलैत, आणि दिवाळीनंतर, आणि वहीत लिहा. एका वर्षात तुमच्या लाकडाचा स्वभाव कळून जाईल.

टेकत असेल तर घासायचं, पण पावसात नाही. ओलं फुगलेलं लाकूड घासलं तर हिवाळ्यात फट नको तेवढी होते. कोरड्या दिवसांत, नळीपेक्षा थोड्या जाड गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून, फक्त नळीच्या खोबणीत, दहा-वीस हात मारायचे आणि परत बसवून नोट फिरवायची. आपल्या हवेत दीड मिलिमीटरभर मोकळं राहिलं तर बरं. अ‍ॅक्शन जिथं बसतंय त्या जागेला पेपर लावायचा नाही, एक फेरी पण नाही.

आणि मग जे बहुतेक जण करतच नाहीत ते करा. लाकूड बाहेरनं चकचकीत असतंय पण खोबणीच्या आत, स्क्रूच्या भोकात, कुंद्याच्या रबरामागं बघा, कोरं लाकूड. पाणी तिथनंच शिरतंय. तिथं पॉलियुरेथेनचे पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. अळशीचं तेल दिसायला सुंदर पण दमट हवा अडवायला ते कमी पडतंय.

ही मोकळी नळीवाली गोष्ट सगळ्या रायफलींना लागू नाही हे मात्र लक्षात ठेवा. ली-एनफिल्ड पद्धतीच्या बारीक नळीला पुढं लाकडाचा ठराविक टेका दिलेला असतोय, तो मुद्दाम असतो, तिथं फट करायला गेलात तर आहे तो ग्रुप पण जाईल. तिच्यात टेका आहे तिथंच, सगळीकडनं सारखा आहे का, एका बाजूनं जास्त घासतोय का, एवढंच बघायचं. नळीवर एका बाजूची काळी पॉलिश घासून चमकत असेल तर तिथं जोर पडतोय.

बेडिंग

बोटाच्या परीक्षेत नळी हलली असेल तर इलाज म्हणजे बेडिंग, अ‍ॅक्शनखाली इपॉक्सी भरून अगदी तिच्या अंगाचा साचा करायचा. पहिलं बेडिंग लायसनवाल्या आर्मररकडनंच करून घ्या. नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी ह्याला चालत नाही, स्टील भरलेलं, वाळताना न आकसणारं इपॉक्सी पाहिजे. काम देताना तीन गोष्टी विचारा. रिकॉइल लगच्या पुढं, बाजूला आणि खाली टेप लावून जागा सोडणार का, म्हणजे लग फक्त मागच्या तोंडानं टेकेल? स्क्रूच्या भोकांत स्क्रूला चारी बाजूंनी मोकळीक ठेवणार का? आणि लोखंडावर सगळीकडं रिलीज एजंट लावणार का, कारण एक ठिपका राहिला तरी लोखंड आणि लाकूड कायमचं एक होतंय. ह्या तीन प्रश्नांवर जो गडबडला त्याच्याकडं रायफल ठेवू नका.

नळी साफ करणं

साफसफाईनं जेवढ्या नळ्या सुधारल्यात तेवढ्याच बिघडल्यात पण, कारण लोक तोंडाकडनं गज घालतात. नळीचं तोंड, जिथनं गोळी शेवटची सुटते ती कड, हीच रायफलची सगळ्यात नाजूक जागा. तिथं एका बाजूला जरा झीज झाली की मागनं येणारा गॅस एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. जुन्या फौजी रायफलीत पुल-थ्रूची, म्हणजे चिंदी बांधून नळीतनं ओढायची, दोरी तिरपी ओढून ओढून ती कड गेलेली हमखास दिसते. आपल्याकडं गावागावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रिटायर्ड लोक आहेत, त्यांच्याकडनं चिंदी सरळ कशी ओढायची ते एकदा बघून घ्या, त्या हाताला जे माहीत असतंय ते लिहून सांगता येत नाही.

तोंड तपासायला कान साफ करायचा कापसाचा बोळा घ्या, नळीच्या कडेच्या आतनं बाहेर सगळीकडं हळू फिरवा. कुठं कापसाचा तंतू अडकून राहिला तर तिथं बारीक खरवड आहे. मग आर्मरर.

गज एक अखंड, प्लास्टिकचा थर असलेला, शक्यतो मागनं, बोल्टच्या जागी गाईड घालून. मोठ्या रायफलला दर रेंजनंतर ओली चिंदी, थोडा वेळ थांबून ब्रश, परत कोरड्या चिंद्या, अमोनियावालं सॉल्व्हंट असेल तर चिंदी निळी येते, ते तांबं निघतंय, निळं थांबलं की बस. .२२ ला मात्र एवढं घासायचं नाही, तिची शिशाची गोळी, वरचं मेण नळीत एक सारखा थर देतंय आणि त्या थरावरच ती नीट चालते, खूप स्वच्छ केलेली .२२ पहिल्या पाच-दहा गोळ्या इकडंतिकडं टाकते. ग्रुप पसरायला लागला किंवा पाऊस-ओल लागली तर साफ करा, नाहीतर चेंबरचं तोंड पुसून ठेवा. फायर करायच्या आधी कोरडी चिंदी फिरवून तेल काढायचं, तेल राहिलं तर पहिली गोळी लांब जातेच.

पावसाळ्यात रायफल कापडी किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये कपाटात ठेवू नका, कव्हर ओल धरून ठेवतंय. उघडी, तेलाचा हात दिलेली, कुलपातल्या कपाटात सिलिका जेलबरोबर. खंडेनवमीला पूजा झाली की त्याच संध्याकाळी हळद-कुंकू, पाणी, फुलाचा रस सगळं पुसून तेलाचा हात द्या, एका रात्रीत कुंकवाखाली गंज धरतोय. आणि इलेक्शनच्या वेळी रायफल स्टेशनला जमा करायला लागली तर देताना जाड तेल लावून द्या आणि परत आली की हा सगळा लेख पहिल्यापासनं, स्क्रू, नोट, नळी, तोंड, असा फिरवा, झिरो (नेम आणि गोळी एका जागी यावी म्हणून केलेली साइटची जुळणी) तसाच असेल असं धरून चालू नका.

साइट आणि स्कोप

स्कोप धरणाऱ्या बेसचे आणि रिंगचे स्क्रू आधी. रिंगला साधारण २ न्यूटन-मीटर, दोन्ही बाजूंची फट सारखी. बेसच्या स्क्रूला तेल पुसून निळं थ्रेडलॉकर एक थेंब.

स्कोप खरा आहे का बघायला चौकोन मारा: एक गोळी, मग स्कोपची चकती वीस क्लिक (खटके) वर फिरवून एक गोळी, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं. पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी आली पाहिजे. पाव मिनिटाची क्लिक पन्नास मीटरला ३.६ मिमी हलवते, म्हणजे चौकोनाची बाजू सात सेंमीच्या वर येणार. रायफलचा ग्रुप त्यात मिसळतोय म्हणून एकेका ऐवजी तीन-तीन मारा.

पॅरलॅक्स पण बघा. रायफल पिशवीवर स्थिर, हात न लावता डोकं वरखाली करा, क्रॉस (स्कोपमधली फुली) टार्गेटवर सरकत असेल तर तुमचा गाल जिथं बसेल तिथं गोळी जाणार. मोठ्या रायफलचे स्कोप बहुतेक शंभर यार्डाला बसवलेले असतात, ते .२२ वर लावून पन्नासला मारलं की हा त्रास येतोच. मॅचमध्ये स्कोप चालत नाही, पीप साइट (बारीक भोकातनं बघायची) असते, तिथं पुढची रिंग फार बारीक घेऊ नका, काळ्याभोवती पांढरं स्वच्छ दिसलं पाहिजे.

ट्रिगर

मॅच रायफलला बाहेरनं अ‍ॅडजस्ट करायचा स्क्रू असेल आणि मॅन्युअल हातात असेल तर मॅन्युअलच्या मर्यादेत फिरवा. बाकी कुणी ट्रिगरला हात लावायचा नाही. सिअरचा (फायरिंग पिन अडवून धरणारा) खटका घासून हलका केलेली रायफल बोल्ट जोरात लावला तरी सुटू शकते, आणि तेव्हा नळी कुणाकडं असेल ते आपल्या हातात नसतंय. रंग लावून सील केलेले स्क्रू तसेच ठेवा.

मग आपण

इथपर्यंत सगळं झालं आणि तरी ग्रुप येत नसेल तर रायफल बाजूला ठेवून स्वतःकडं बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. क्रॉस सरकला असेल तर अंग वळवा, हातानं रायफल ढकलून नेम आणू नका. गाल दर वेळी त्याच जागी. सुटल्यावर लगेच डोकं वर काढायचं नाही, गोळी कागदात गेल्यावर पण एक क्षण तसंच. रिकाम्या रायफलवर घरी ट्रिगरचा सराव करा, पण .२२ ला स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालूनच, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून कडा बसते, मॅच रायफलला ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर ती वापरा.

शेवटी वारा. जून-जुलैत आपल्याकडं पश्चिमेचा वारा किती सुटतो ते सांगायला नको. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला पन्नास मीटरवर दोन ते अडीच सेंमी ढकलतोय. पन्नास मीटरच्या टार्गेटचा दहाचा गोल अवघा १०.४ मिमीचा, म्हणजे बरोबर मधोमध धरलेली गोळी आठवर जाऊन बसते आणि रायफलचा काही दोष नसतोय. काठीला बारीक रिबन बांधून टार्गेटच्या वाटेवर मध्ये एक आणि तुमच्या जवळ एक लावा, रेंजवाल्यांना विचारून. तुमच्या जवळची जास्त महत्त्वाची, कारण गोळी सुरवातीला ढकलली गेली की पुढं सगळं अंतर ती त्याच बाजूला जात राहते. रिबन ज्या कोनात असताना झिरो केलाय तो कोन वहीत लिहा, ग्रुप काढताना रिबन त्याच कोनात आली की ट्रिगर दाबा, नाहीतर थांबा. आणि रायफल तपासायचे ग्रुप, ज्याच्यावर तुम्ही लाकूड घासायचं की नाही ते ठरवणार, ते सकाळी लवकर वारा सुटायच्या आत काढा.